यमूताईचं खरं लहानपण

ताई, तू गेल्यापासून दुपारी डोळा लागला की आपलं गव्हाणचं मिठागर परत पाण्यानं भरतं. आता विमानं उतरतात त्या बाजूलाच ते पसरलेलं असतं, पांढरं, लखलखीत, आणि मिठाच्या राशी इतक्या उंच की त्यांच्या टोकांना ढग अडकून बसलेले. बरं, राशी कमरेएवढ्याच असायच्या. पण माझ्या झोपेत मला टोकायला कोण येणार? तू बांधावरून चालत असतेस, अनवाणी, एका पावलाच्या पुढे दुसरं नेमकं टेकवत. मी हाक मारते. तू बघत नाहीस. दुसरी हाक. तिसऱ्या हाकेला वळतेस आणि नेहमीसारखी माझ्या डोळ्यांत न बघता कानाच्या पाळीकडे बघतेस. वरून एक विमान जातं, पाणी थरथरतं, आणि मी पनवेलच्या घरात पंख्याखाली जागी होते. ओठ चाटले तर खारट लागतात.

सगळे म्हणतात, सुले, तू बोलकी, तू लिही ताईवर. किती लग्नं लावली, कुठल्या कुठल्या गावांत लावली, ते लिही. मी लिहायला बसले की दहा हजार लग्नं लिहीन, आणि त्यातल्या चार नवरदेवांना घोड्यासकट पाण्यावरून चालत आणीन. ते तुला चालायचं नाही. तू मोजून ठेवणारी बाई. म्हणून हे तुलाच लिहिते आहे. तू समोर असलीस की मला फार वाढवता येत नाही.

तुझ्याबद्दल मी आयुष्यभर जेवढं बोलले तेवढं पुजारीसुद्धा देवाबद्दल बोलत नसतील. आपल्या आगरी लग्नात धवलारीण लागते. ती धवले गात एकेक विधी पुढे नेते. कुठल्या गाण्याला हळद, कुठल्याला तांदूळ, उंबराची फांदी मांडवात कधी येणार, सगळं तिच्या तोंडात असतं, कागद नाही की वही नाही. तुझ्याकडे ते सगळं होतं, एक शब्द इकडचा तिकडे न होता. मोठ्या आत्याबरोबर दोन वर्षं लग्नांना बसलीस आणि तिला येत होतं ते सगळं उचललंस, तिच्या खोकल्याच्या जागांसकट. अगदी खरं सांगते, आत्या जिथं खोकायची तिथं तू एवढीशी थांबायचीस.

पण त्याच धवलारणीला मांडवातलं जेवण जायचं नाही. पंगत बसली की तू मागच्या दारी पाणवठ्याकडे तोंड करून उभी. गाताना पुढे-मागे डुलायचीस. उंबराच्या आधी कुणी आंब्याचा डहाळा आणला की गाणंच बंद, मग नवरीचा बाप हात जोडो की डोकं आपटो. सासरी आठ महिने राहून परत आलीस, तेव्हा गाव म्हणालं की हिला नांदता येत नाही. मी तेव्हा जेमतेम अठराची. पाणवठ्यावर उभी राहून सांगितलं, ‘सासरच्यांना तिचं तेज सोसवलं नाही. सासू तर दिपून आंधळी व्हायची बाकी होती.’ सासरच्या घराखाली पिठाची गिरणी होती आणि ती सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालायची, एवढीच गोष्ट होती. पण गिरणीच्या आवाजानं बाई माहेरी येते हे कोण ऐकून घेणार?

आणि देवीची गोष्ट. ती माझी सगळ्यात मोठी. तू नऊ वर्षांची असताना उघाडीत पडलीस. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायची झडप असते, ती उघाडी. तिथं तू भरतीपासून ओहोटीपर्यंत पाण्याखाली राहिलीस, खाडीतल्या देवीनं तुला मांडीवर घेतलं, सगळे धवले शिकवले आणि ओहोटीबरोबर अलगद वर पाठवून दिलं. गव्हाणपासून उरणपर्यंत ही गोष्ट ठाऊक नाही असं घर नाही. दर वेळी सांगताना मी देवीच्या अंगावर एक दागिना वाढवायची. शेवटी शेवटी त्या बिचारीला पाण्यातून उठणंही जड जात असेल. पण ताई, त्या गोष्टीमुळे तुझं डुलणं हे अंगात येणं झालं, तुझं न बोलणं हे व्रत झालं, आणि ज्या तोंडांनी तुला खुळी म्हटलं असतं तीच तोंडं तुझ्या पायाशी वाकली. मी ते अभिमानानं सांगायचे. अजूनही थोडा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

मग आमच्या इराची शाळा आली.

इरा माझी नात, सहा वर्षांची. शाळेतल्या बाईंनी माझ्या सुनेला, पल्लवीला, बोलावून सांगितलं की हिची ऑटिझमची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातली तारीख फार लांबची मिळत होती, म्हणून पल्लवीनं नवीन पनवेलमध्ये खाजगी शोधलं. फरसाणच्या दुकानावर दुसरा मजला. सानिका मॅडम म्हणून एक मानसतज्ज्ञ, वय असेल तीस-बत्तीस, आवाज इतका हळू की खाली शेवेचा घाणा ओरडला की त्यांचं वाक्य अर्धं खाली पडायचं. मी पंधरा दिवस इराची तयारी करून घेतली होती. डोळ्यांत बघ, नाव विचारलं की पूर्ण नाव सांग, खेळणी रांगेत लावायची नाहीत. पल्लवी म्हणाली, ‘आई, ही परीक्षा नाहीये.’ मी म्हणाले, ‘जगात जिथं खुर्चीवर बसून प्रश्न विचारतात ती परीक्षाच.’

तुला नेलं कारण इरा तुझ्याशेजारीच शांत बसायची. तुम्ही दोघी काही बोलायचा नाहीत. एकमेकींना बटणं द्यायचात, रंगाप्रमाणे. तसं तुमचं तासन्‌तास चालायचं, आणि मला बघूनच थकवा यायचा.

इराला मॅडमनी जमिनीवर घेतलं, साबणाचे फुगे सोडले, बाहुलीला खोटं खोटं जेवायला दिलं. इरानं माझी पंधरा दिवसांची शिकवणी एका मिनिटात विसरून सगळ्या गाड्या रांगेत लावल्या. मग मॅडम पल्लवीला विचारायला लागल्या आणि उत्तरं मी देत होते.

‘नावानं हाक मारली की बघते का?’

‘बघते म्हणजे काय, हाक मारायच्या आधी बघते!’ मी.

‘आई,’ पल्लवी म्हणाली. ‘नाही बघत, मॅडम. चार-पाच वेळा मारावी लागते.’

‘मोठा आवाज आला की कान झाकते?’

‘हो,’ कोपऱ्यातून आवाज आला. तुझा.

‘कपड्याची शिवण टोचते, असं म्हणते?’

‘हो.’

‘रोजच्या गोष्टींचा क्रम बदलला तर त्रास होतो?’

‘हो. लय.’

मॅडमनी पेन थांबवलं. ‘मावशी, तुम्ही इराबद्दल सांगताय ना?’

‘नाय,’ तू म्हणालीस. ‘माझं सांगते. पन तुमी तिचंच इचारा. मी मदीच बोलले.’

खाली शेव तळण्याचा आवाज पावसासारखा येत होता. इरा उठली, तुझ्याजवळ गेली आणि तिनं तुझ्या हातात एक लाल गाडी ठेवली.

इराचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. ऑटिझमच होता. पल्लवी जिन्यात रडली, मग तोंड धुऊन वर गेली आणि पुढं काय करायचं ते विचारून आली. कानांवर लावायचे जाड हेडफोन, शाळेला द्यायचं पत्र, आठवड्यातून दोनदा थेरपी. मॅडमनी हेही सांगितलं की हा खाजगी अहवाल आहे, सरकारी प्रमाणपत्र हवं असेल तर त्यासाठी वेगळं, सरकारी रुग्णालयातच जावं लागेल. आणि तू तो अहवाल माझ्या स्वयंपाकघरात बसून तीनदा वाचलास, शब्दाखाली बोट धरून, चौथीपर्यंतच्या शाळेच्या बळावर. अडला तो इंग्रजी शब्द पल्लवीला विचारलास. मग कागदाची घडी घातलीस आणि म्हणालीस, ‘मना पन असा कागद पायजे.’

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते खरं म्हणजे संपलंच नाही.

‘सत्तावन्न वय झालं तुझं. काय करणार कागद घेऊन?’

‘वाचनार.’

‘लोक काय म्हणतील? लग्नाला कोण बोलावील तुला?’

‘जे बोलवतील त्यांच्याकडं जाईन.’

‘आणि देवीचं काय?’

तू सूप पुढं ओढलंस आणि सुका जवळा निवडायला लागलीस. त्या विषयावर तू कधीच काही बोलायची नाहीस, हे मी तेव्हा नेहमीसारखं बघितलं आणि नेहमीसारखं सोडून दिलं.

पल्लवीनं फोन केला. मॅडम मोठ्या माणसांचीही तपासणी करतात, तीन बैठका होतील, असं कळलं. वर त्या म्हणाल्या, ‘मोठ्यांच्या बाबतीत लहानपण महत्त्वाचं असतं. आई-वडील नसतील तर भाऊ, बहीण, ज्यांनी त्यांना लहानपणी पाहिलंय असं कुणीतरी आणा. शाळेचं काही असेल तर तेही.’ शाळेचं एक प्रगतिपुस्तक होतं. गुरुजींनी त्यावर लिहिलं होतं, ‘पाढे पाठ. बोलत नाही.’ आणि लहानपण पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं. मी.

आता जे मी केलं ते आपल्याकडचीच बाई करू जाणे. माणसाला वरपासून खालपर्यंत पारखतात असा एकच प्रसंग मला माहीत होता, मुलगी बघायला येतात तो. तर मी तुझी तशी तयारी केली. नवीन साडी नेसवली, काठ इतके कडक की तू दाराशी उभी राहिलीस तर साडीच तुला धरून उभी होती. गजरा माळला. रव्याचे लाडू डब्यात भरले, मॅडमना दिसावं की घरातल्या बायकांच्या हाताला चव आहे. रिक्षात बसून पढवलं: डोळ्यांत बघायचं, मनात तीन अंक मोजायचे, मग नजर खाली घ्यायची. छंद विचारला तर भरतकाम म्हणायचं.

पहिल्या बैठकीत मी दाराबाहेर बसले होते, दार जरा लोटलेलं. लोटलेल्या दारातून मला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

‘मोकळ्या वेळात काय करायला आवडतं तुम्हाला?’ मॅडमनी विचारलं.

‘सुलीनं सांगितलंय भरतकाम बोल,’ तू म्हणालीस.

‘आणि खरं?’

‘धवले मनात उलटे म्हनते. शेवटापासून.’

‘मैत्रीण म्हणजे काय, तुमच्या मते?’

‘जी आली की मना उठून काय करावं लागत नाय, ती.’

‘अशी कुणी आहे?’

‘इरा.’

मी बाहेर लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. माझं नाव येईल म्हणून मी आधीच पदर नीट केला होता.

मग माझी पाळी. मी सुरू झाले. गोड मूल, हसरी, दहाव्या महिन्यात धावायला लागली, वर्षाची असताना सगळ्या गावाशी गप्पा मारायची, लोक होड्या थांबवून ऐकायचे.

मॅडम लिहीत नव्हत्या. ‘मावशी, ताई म्हणतात की त्यांची आई सांगायची, त्या पाच वर्षांपर्यंत बोलल्याच नाहीत.’

‘आई विसरभोळी होती.’

‘आणि तुम्ही त्यांच्याहून किती लहान?’

‘तीन वर्षांनी.’

‘मग त्या वर्षाच्या होत्या तेव्हा तुम्ही कुठं होतात?’

‘जन्मायच्या आधीपासून माझं ताईवर लक्ष होतं,’ मी म्हणाले. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. त्याही थोड्या हसल्या, पण त्यांनी वही मिटली.

‘मला गोष्ट नकोय, मावशी. तुम्हाला दिसलेलं हवंय. तुम्ही असं सांगितलंत तर मला काहीच ठरवता येणार नाही, आणि मग मी तसंच लिहीन, की ठरवता येत नाही. ताईंना ते नकोय. पुढच्या शनिवारी परत या.’

पुढच्या शनिवारी आपण जिन्यात बसलो होतो, आठवतं? तू साधी जुनी साडी नेसली होतीस, नरम पडलेली. खालून तळणाचा वास येत होता. जिन्याच्या खिडकीतून ऊन अशा रीतीनं येत होतं की धूळ एकाच जागी तरंगत होती, आणि तू तिच्याकडे बघत होतीस. मी तुला समजावत होते की आज मी कसं छान सांगणार आहे.

‘सुले,’ तू म्हणालीस, ‘मना पास नाय व्हयचंय.’

मी डब्यातला एक लाडू काढून तुझ्या हातात दिला.

‘तू सगल्यांना माझं चांगलं सांगतेस. ती बाई चांगली हाय. पन ती कोन हाय, मना ठावं नाय. मी मरायच्या आधी येकानं तरी माझं हाय तसं लिवावं.’

तुझा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. तू रडली नाहीस, माझा हात धरला नाहीस. धुळीकडे बघत राहिलीस. मला वाटलं, त्या उन्हात तू हळूहळू पारदर्शक होते आहेस, मी बोललेल्या एकेका शब्दानं तुझं एकेक बोट पुसलं जातंय, आणि आता मी आणखी एक लाडू दिला तर तू जिन्यावर उरणारच नाहीस. मी उठले आणि एकटीच आत गेले.

आत जाऊन मी सांगितलं, मॅडम, मी सहाची होते, ताई नऊची. ताईला आवाज सोसत नाही हे आम्हा पोरांना कळलं होतं. आम्ही पत्र्याचे डबे घ्यायचो आणि तिच्यामागे वाजवत जायचो, ती कान धरून पळते ते बघायला. ही कल्पना माझी होती. त्या दिवशी आम्ही तिला बांधाच्या टोकापर्यंत पळवलं. पुढे जागा नव्हती, म्हणून ती उघाडीत उतरली आणि आतल्या दगडावर कान दाबून बसली. आम्ही घरी आलो. भरती आली. मी कुणाला काही बोलले नाही. आई हाका मारत फिरत होती, आणि हाकांना ताई कधी ओ देत नाही हे तिला माहीत होतं, तरी मारत होती. संध्याकाळी मिठागरावरच्या माणसांनी ताईला बाहेर काढलं. पाणी छातीपर्यंत चढलेलं. हात कानांवरचे सुटत नव्हते. आईनं केरसुणी उचलली आणि विचारलं, कुणी पळवलं हिला? आणि मी म्हणाले, आये, तिला देवीनं बोलावलं होतं.

इतकंच. देवीच्या अंगावर तेव्हा एकही दागिना नव्हता.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. आणखी पुष्कळ विचारलं: काय खायची, काय खायची नाही, कशी झोपायची. एकदा खरं सुरू झाल्यावर मला थांबताच येईना. तुझं सगळं लहानपण मला दिसत होतं, आणि ते माझ्या गोष्टीतल्यापेक्षा फार लहान होतं, आणि फार एकटं. निघताना मॅडम म्हणाल्या, ‘निष्कर्ष काय येईल ते आज सांगू शकत नाही. पण आज काहीतरी हाताला लागलं.’

अहवाल आला. तुझं नाव, तुझं वय, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं, की ऑटिझम आहे, लहानपणापासून आहे. तू माझ्या स्वयंपाकघरात त्याच जागी बसून तीनदा वाचलास. मी भाकरी थापत होते, पण ती सगळी परातीतच फाटत होती, कारण दुसऱ्या पानावर ‘धाकट्या बहिणीच्या आठवणीनुसार’ असं सुरू होणारा परिच्छेद होता, आणि तुझं बोट त्याच्याकडे सरकत होतं. बोट तिथं थांबलं.

‘इथं चुकलंय,’ तू म्हणालीस.

‘काय?’

‘सगल्यांचे डबे सारखे नव्हते. बाकीच्यांचे रॉकेलचे. तुझा बिस्किटांचा व्हता. तो कमी लागायचा.’

एवढी वर्षं, ताई. एवढी वर्षं तुला डबे पाठ होते.

‘तुला माहीत होतं? मग देवीचं... तू कधी बोलली का नाहीस? तू तर कुणाचं खोटं चालवून घेत नाहीस. मांडवात नवरीच्या बापाचं चालवून घेतलं नाहीस.’

‘मना देवी दिसली असं मी कवा बोलले नाय. तूच बोललीस.’

‘पण गप्प का राहिलीस?’

‘तुला मार बसला असता,’ तू म्हणालीस, आणि तिसरं पान उलटलंस.

मी तिथं काहीतरी म्हणायला हवं होतं. मोठं मोठं बोलायची सवय असलेल्या बाईला दोन शब्द पुरे झाले असते. मी म्हणाले, ‘चहा घेशील?’ तू म्हणालीस, ‘घेईन. अर्धा.’ आणि मी काठोकाठ भरला, आणि तू अर्धा पिऊन कप ठेवलास, कारण अर्धा म्हणजे अर्धा.

त्यानंतर तू लावलेलं एकच लग्न मी पाहिलं, रोडपालीचं. मांडवात भोंगे इतके मोठे की आतून माणूस वाकून जाईल. खरंच, त्या वेळी मी वाढवत नाही. तू नवरदेवाच्या मामाला शोधलंस आणि त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणालीस, ‘मना आवाज सोसत नाय. जन्मापासून. बंद करा, मंग गाते.’ आयुष्यात पहिल्यांदा तू कुणाकडे काही मागितलंस. मामा गोंधळला. मी पुढं होणार होते, देवीला घेऊन. तू माझ्याकडे बघितलंस, कानाच्या पाळीकडे नाही, डोळ्यांत. तीन अंक मोजण्याइतकं. मी मागं सरले. मामानं भोंगे बंद करवले. आणि त्या शांततेत तू गायला लागलीस, डुलत, सावकाश. बायका, पोरं, वाढपी, सगळे जागच्या जागी. मला वाटलं मांडवाला जमीनच नाही, तो पाण्यावर तरंगतोय आणि तू त्याला एका आवाजावर धरून ठेवलं आहेस.

परत येताना तू म्हणालीस, ‘आता गावात सगल्यांना खरं सांग. मी सांगितलं तर दोन शब्दांत संपंल. तू नीट सांगतेस.’ मी म्हणाले, ‘लग्नांचा मोसम संपू दे.’ मोसम संपायच्या आत तू दुपारी झोपलीस आणि उठली नाहीस. ताई, मला मोसमाची काळजी नव्हती. मला माझी होती. गोष्ट गेली की मी कोण उरते, ते मला बघायचं नव्हतं.

तुझ्या बाराव्याला मी सांगितलं. जेवणं झाल्यावर बायका ओट्यावर बसल्या होत्या, म्हणाल्या, सुले, उघाडीची गोष्ट सांग. मी सांगितली, डब्यांची. ऑटिझमची. तुझा कागद पिशवीतून काढून दाखवला. एकही दागिना घातला नाही. आणि त्या हसल्या, ताई. पदर तोंडाला लावून हसल्या. ‘काय गो सुले! बहीन गेली तरी तुझ्या थापा नाय गेल्या. देवीच्या जागी आता मॅडम आनलीस!’ पन्नास वर्षं मी पिकवलं तेच माझ्या पानात पडलं. कुणीही, अगदी कुणीही, विश्वास ठेवला नाही. तुला हसू आलं असतं की नाही हे मला अजून ठरवता येत नाही. तू बहुतेक म्हणाली असतीस, सांगितलंस ना, मग झालं.

बायका उठून गेल्या. एक राहिली. नेरे गावी दिलेली कुणाची तरी मुलगी, कडेवर चार वर्षांची पोर. ती पोर माझ्या हातातल्या कागदाच्या कडेवरून बोट फिरवत होती, पुढे मागे, पुढे मागे.

‘हाक मारली तर बघत नाही ही,’ तिची आई हळूच म्हणाली. ‘घरी म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. मावशी, त्या मॅडम खरंच आहेत?’

‘आहेत.’

‘काय विचारतात?’

मी सांगितलं. फुगे सोडतात, जमिनीवर बसतात, तीन आठवडे लागतात, पोरीला काही पढवायचं नाही. आईनं जे बघितलंय ते सांगायचं, छान करून नाही. आणि काय निघेल ते आधी कुणाला ठाऊक नसतं.

‘घरचं कुणी येणार नाही माझ्याबरोबर,’ ती म्हणाली. ‘कुणाला नेऊ?’

‘ने कुणालाही. फक्त खोटं न बोलणारं माणूस बघ.’

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

‘मग तुम्हीच चला,’ म्हणाली.

शनिवारची अकराची वेळ मिळाली आहे, ताई.